मुलांचें हंसूं आणि मोठ्यांचें नाक

या लेखाचा विषय पाहतांच आमच्या कांहीं वाचकांचा हात नाकाकडे जाईल, हें आम्ही जाणून आहों. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठीं निघणाऱ्या चित्रमय पुस्तकांत शी, शू, पादणें आणि ढुंगण यांवरून विनोद असावा कीं नसावा, हा तो विषय होय. वाङ्मयचर्चेला वाहिलेल्या पृष्ठांवर त्याला स्थान कां द्यावें, असें कोणी विचारील. त्यावर आमचें उत्तर असें कीं, ज्या विनोदापायीं एका शिक्षकाची नोकरी गेली आणि ज्याच्या पुस्तकांसाठीं लोकांना जवळजवळ चार वर्षें न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तो विनोद क्षुल्लक म्हणून सोडून देण्याची सोय आतां कोणालाच उरलेली नाहीं.

हकीकत अमेरिकेंतील आहे. न्यूझीलंडच्या लेखिका डॉन मॅकमिलन यांचें 'आय नीड अ न्यू बट!', म्हणजे 'मला नवें ढुंगण हवें!', हें पुस्तक २०१२ मध्यें निघालें. एका मुलाला आपल्या ढुंगणाला चीर पडलेली दिसते. तें फुटलें असें समजून तो नव्याच्या शोधाला लागतो, एवढीच गोष्ट. मार्च २०२२ मध्यें मिसिसिपी संस्थानांतील एका प्राथमिक शाळेच्या उपमुख्याध्यापकांनीं दुसरीच्या मुलांना तें वाचून दाखविलें, आणि त्यांना बडतर्फ करण्यांत आलें. त्याच्या आदल्या वर्षीं टेक्सस संस्थानांतील लॅनो परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून १७ पुस्तकें काढून टाकण्यांत आलीं होतीं. त्यांतील ७ पुस्तकें ढुंगणाच्या व पादण्याच्या विनोदाचीं होतीं. मॅकमिलनबाईंचीं तीन, आणि जेन बेक्स्ली यांचीं चार.

एप्रिल २०२२ मध्यें तेथील कांहीं वाचकांनीं दावा लावला. मार्च २०२३ मध्यें खालच्या न्यायालयानें सर्व पुस्तकें परत ठेवण्याचा हुकूम दिला. जून २०२४ मध्यें अपील न्यायालयाच्या तिघांच्या पीठानें ८ पुस्तकें परत ठेवावीं असें ठरविलें, पण विनोदाचीं तीं ७ पुस्तकें त्या ८ मध्यें नव्हतीं. गंभीर पुस्तकाच्या रक्षणाला न्यायाधीश धांवून आले. मुलाच्या हंसण्याला मात्र कोणी वकील मिळाला नाहीं. पुढें मे २०२५ मध्यें त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठानें १० विरुद्ध ७ मतांनीं असा निर्णय दिला कीं, सार्वजनिक ग्रंथालयानें पुस्तक काढून टाकलें म्हणून वाचकाला घटनेच्या आधारें दाद मागतां येत नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांत लक्ष घालण्याचें नाकारलें, आणि प्रकरण मिटलें.

आतां पूर्वपक्ष काय आहे तो पाहूं. आक्षेपकांचें म्हणणें असें. हा विनोद ग्राम्य आहे. त्यानें मुलांची जीभ विटाळते. आणि सुसंस्कृत माणूस जें झांकून ठेवतो तें उघड करण्याची चटक मुलांना लागते. हे आक्षेप घेणारे लोक दुष्ट नाहींत. त्यांना आपल्या मुलांचें भलें व्हावें असेंच वाटतें. म्हणूनच त्यांना उत्तर देणें अगत्याचें आहे.

ग्राम्यतेचा आक्षेप आमच्या साहित्यशास्त्राला नवा नाहीं. अश्लील या दोषाचे मम्मटानें तीन प्रकार केले आहेत. लाज उत्पन्न करणारा, किळस उत्पन्न करणारा आणि अमंगलाची सूचना देणारा. शी-शूचा विनोद यांपैकीं दुसऱ्या प्रकारांत जाईल, हें आम्ही मान्य करतों. परंतु तोच मम्मट पुढें सांगतो कीं, बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि प्रसंग कोणता, यांच्या औचित्यानें दोषही क्वचित् गुण होतो. वैराग्याच्या कथेंत किळसवाणें वर्णन त्याला गुणावह वाटतें. विरक्तीकडे नेणाऱ्या किळशीला हा परवाना मिळत असेल, तर शरीराशीं सलोखा करून देणाऱ्या हंसण्याला तो कां मिळूं नये? ऐकणारा येथें पांच वर्षांचा आहे, आणि आपलें शरीर हाच त्याच्यापुढील सर्वांत मोठा व सर्वांत नवा विषय आहे.

शिवाय जें झांकावयाचें म्हणतां, तें आमच्या पूर्वजांनीं कोठें झांकलें होतें? चरकानें आपल्या सूत्रस्थानांत एक सबंध अध्याय, 'नवेगान्धारणीय' या नांवाचा, शरीराचे स्वाभाविक वेग दाबूं नयेत हें सांगण्यासाठीं खर्चीं घातला. त्याच्या १३ वेगांत मल, मूत्र आणि वायु हे शिंक, जांभई, भूक व अश्रु यांच्याच पंक्तीला बसले आहेत. अश्रूंवर काव्यें झालीं. पंक्तींतल्या बाकीच्यांना आम्हीं मागच्या दारीं बसविलें. आणि जीभ विटाळण्याविषयीं म्हणाल, तर वर्गांत कोण पादलें याचा निवाडा करण्यासाठीं बोट फिरवीत म्हणावयाचें गाणें मराठी मुलांना कोणत्या पुस्तकानें शिकविलें? आमच्या आक्षेपक वाचकांनाही त्याचा पहिला शब्द या क्षणीं आठवला असेल. तें गाणें म्हणून त्यांचें काय वांकडें झालें, एवढें त्यांनीं मनाशीं पाहावें.

पण आमचा खरा मुद्दा याहून खोल आहे. किळस ही जन्मजात नव्हे. दीड-दोन वर्षांचें मूल आपल्या विष्ठेकडे कुतूहलानें पाहतें, संधि मिळाली तर हातही लावतें. आई 'शी, घाण!' म्हणून हात मागें ओढते, आणि तेथून किळशीचा धडा सुरू होतो. हा धडा आवश्यक आहे. त्यावांचून आरोग्य राहणार नाहीं. परंतु एकाच दटावणींतून मुलाला दोन गोष्टी ऐकूं येतात. एक, हा पदार्थ घाण आहे. दुसरी, ज्याच्यांतून तो निघाला तो तूं घाण आहेस. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी खोटी आहे. मोठ्यांना दोन्ही एकाच सुरांत सांगण्याची संवय असते, आणि मुलाला त्यांतला भेद कळण्याचें दुसरें साधन नसतें. हंसणें हें तें साधन आहे. ज्या गोष्टीला आपण हंसतों, तिची भीति आपल्याला पूर्वीइतकी वाटत नाहीं. आणि चारचौघांत मिळून हंसलों, तर ती एकट्याची लाज राहत नाहीं.

हें साधन चांगल्या हातांत काय करतें, त्याचे दोन दाखले देतों. जपानी चित्रकार तारो गोमी यांचें 'मिन्ना उन्ची' हें पुस्तक १९७७ मध्यें मुलांच्या विज्ञानविषयक पुस्तकमालेंत निघालें. मोठ्या हत्तीची मोठी, लहान उंदराची लहान, असें करीत तें मासे, पक्षी, कीटक यांच्यापाशीं जातें आणि शेवटीं माणसाच्या मुलापाशीं येतें. जो जीव खातो त्याला हेंही करावेंच लागतें, हा त्याचा निष्कर्ष. त्यांत उपदेश नाहीं, खो-खो हंसविण्याची धडपडही नाहीं. फक्त सर्व प्राणिमात्रांना एका रांगेंत उभें केलें आहे.

दुसरा दाखला जर्मनींतला आहे. व्हेर्नर होल्त्सवार्थ यांनीं लिहिलेलें आणि वोल्फ एर्लब्रुख यांनीं चित्रांकित केलेलें तें पुस्तक १९८९ मधील. जमिनींत बीळ करून राहणारा मोल नांवाचा छोटा प्राणी सकाळीं डोकें वर काढतो, तोंच कोणाची तरी विष्ठा नेमकी त्याच्या डोक्यावर पडते. ती तशीच मिरवीत तो गुन्हेगाराच्या शोधाला निघतो. पारवा, घोडा, ससा, बकरी, गाय, डुक्कर, प्रत्येकजण आपण तो नव्हे हें प्रत्यक्ष करून सिद्ध करतो. पारव्याची पातळ व पांढरी, सशाच्या गोळ्या, गायीचा पो. प्रत्येकीचा आकार, रंग, पडण्याचा आवाज निराळा. शेवटीं या विषयांतल्या अधिकारी ज्या माश्या, त्या निर्णय देतात कीं, हें काम कुत्र्याचें. प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवाक्य अशीं तीन प्रमाणें या इवल्या पुस्तकांत क्रमानें आलीं आहेत. एखाद्या नैयायिकानें बालवर्गासाठीं याहून चांगलें पाठ्यपुस्तक काढून दाखवावें. एर्लब्रुख यांना २००६ मध्यें अँडरसन पारितोषिक आणि २०१७ मध्यें अॅस्ट्रिड लिंडग्रेन स्मृतिपारितोषिक मिळालें. बालवाङ्मयांत यांहून मोठे मान थोडेच आहेत.

गेल्या पावसाळ्यांत हें पुस्तक आम्हीं एका स्नेह्यांच्या घरीं तीन मुलांना मराठींत सांगून दाखविलें. दोन मुलगे घोड्यापासूनच लोळूं लागले. पांच वर्षांची मुलगी मात्र हंसली नाहीं, तिनें विचारलें, "काका, त्या घोड्याला कोणी रागावलें नाहीं?" आम्ही म्हणालों, "नाहीं." "गायीलापण नाहीं?" "गायीलाही नाहीं." मग ती हंसली, आणि बराच वेळ हंसत राहिली. चार दिवसांपूर्वीं वर्गांत परवानगी मागण्याचा धीर न होऊन तिचे कपडे बिघडले होते आणि बाईंनीं तिला सर्वांदेखत कोपऱ्यांत उभें केलें होतें, ही गोष्ट तिनें त्या रात्रीं प्रथम आईला सांगितली. त्या चार दिवसांत ती शाळेंत पाण्याचा थेंब पीत नव्हती. पुस्तकानें मुलांची जीभ बिघडते म्हणणारांना आम्ही विचारतों कीं, जीभ न उघडल्यानें काय बिघडतें, याचा हिशेब तुम्ही कधीं मांडला आहे काय?

आमच्या देशांत तर हा हिशेब एका मुलीपुरता थांबत नाहीं. विष्ठेची किळस आम्ही विष्ठेवरच ठेवती, तर गोष्ट निराळी होती. ती आम्हीं उचलून माणसांवर ठेवली. जो आमची घाण नेतो तोच घाण, असा न्याय करून पिढ्यान् पिढ्या कांहीं जातींना गांवाबाहेर बसविलें. मैला हातानें उपसण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदां कायदे करावे लागले, आणि तरी गटारांत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या वार्ता येतच आहेत. रत्नागिरीच्या तुरुंगांत १९३२ मध्यें अप्पासाहेब पटवर्धनांनीं सफाईचें काम आपल्याला मिळावें म्हणून अन्न सोडलें, तें याच खोट्या न्यायाविरुद्ध. गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेतला, तोही त्याविरुद्धच. पदार्थ घाण आणि माणूस घाण यांत भेद करण्यास जें मूल पांचव्या वर्षीं शिकलें नाहीं, तें पन्नासाव्या वर्षीं शिकेल अशी आशा आम्हांला वाटत नाहीं. राजा असो, रंक असो, शी सर्वांची सारखीच, हें सत्य मुलाला हंसतां हंसतां कळतें. मोठ्यांना तें शाहण्या ग्रंथांनींही कळत नाहीं.

येथें लॅनोच्या त्या यादीकडे पुन्हां पाहावें. काढून टाकलेल्या १७ पुस्तकांत पादण्याच्या विनोदाशेजारीं इझाबेल विल्कर्सन यांचा 'कास्ट' हा २०२० मधील ग्रंथ होता. अमेरिकेंतील वर्णभेदाची तुलना आमच्या जातिव्यवस्थेशीं करणारा हा ग्रंथ. ढुंगणाचें पुस्तक आणि जातीचें पुस्तक एकाच यादींत कसें आलें, याचें अनेकांना नवल वाटलें. आम्हांला तें वाटत नाहीं. जें घरांत आहे पण बोलावयाचें नाहीं, तें या दोहोंनीं बोलून दाखविलें. झांकणें हेंच ज्यांनीं सभ्यपण मानलें, त्यांचा हात मुलाच्या पुस्तकापाशीं थांबत नसतो.

असो. याचा अर्थ असल्या प्रत्येक पुस्तकाचे आम्ही भाट आहों असा नव्हे. या विनोदाचा बाजार मांडणारे पुष्कळ झाले आहेत. जपानांत २०१७ मध्यें निघालेल्या एका अभ्यासपुस्तकमालेंत शाळेंतलीं १००६ चित्राक्षरें शिकविण्यासाठीं ३०१८ वाक्यें योजिलीं, आणि प्रत्येक वाक्यांत विष्ठा आणली. मुलें त्यावर तुटून पडलीं हें खरें. पण ३०१८ वेळां केलेला विनोद हा विनोद राहत नाहीं, तो खाऊ होतो. कित्येक पुस्तकांत तर नुसता शब्द उच्चारला कीं काम झालें, अशी लेखकाची समजूत दिसते. त्याहून वाईट पुस्तक तें, कीं ज्यांत अंथरूण ओलें करणाऱ्या मुलाला किंवा जाड्या मुलाला इतरांच्या हंसण्याचें लक्ष्य केलेलें असतें. भरतानें हास्याचे सहा प्रकार सांगून स्मितापासून अतिहसितापर्यंत पायऱ्या लावल्या; आम्ही मुलांच्या पुस्तकांसाठीं एकच पायरी लावतों. शरीराला हंसणारें पुस्तक घ्यावें, शरीरापायीं एखाद्या माणसाला हंसणारें पुस्तक टाकावें. ही निवड करणें हें पालकांचें, शिक्षकांचें आणि ग्रंथपालांचें काम आहे. तें पुस्तक वाचून करावें लागतें. मुखपृष्ठावरील ढुंगण पाहून तें होत नाहीं.

तात्पर्य, आक्षेपकांस आमची एवढीच विनंति कीं, पुढील खेपेस असलें पुस्तक हातीं आलें तर तें फडताळावर उंच ठेवण्यापूर्वीं एकदां एखाद्या मुलाला मांडीवर घेऊन मोठ्यानें वाचावें. मूल कोठें हंसतें तें पाहावें, आणि त्याहीपेक्षां तें कोठें हंसत नाहीं, गप्प राहून काय विचारतें, तिकडे कान द्यावा. तेवढ्यापुरता नाकावरचा हात खालीं घेतला, तर सभ्यपणास कांहीं बाध येणार नाहीं.