दिसलेली पेशी आणि हाती आलेली पेशी

१/ विज्ञानाचा इतिहास बहुधा ‘प्रथम कोणी पाहिले?’ या प्रश्नापाशी थांबतो. मानवी स्नायूंच्या पूर्वपेशींची कथा त्याहून पुढची आहे. दिसलेली गोष्ट खात्रीने हाती येण्यास २० वर्षे लागली आणि त्या वर्षांची दखल फारशी कोणी घेत नाही. ती घेतली गेली पाहिजे. 🧵

२/ १९६१. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्झांडर मौरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूला बिलगलेल्या, त्याच्याच आवरणाखाली दडलेल्या पेशी दिसल्या. त्यांनी त्यांना ‘सॅटेलाइट सेल’, म्हणजे उपग्रह पेशी, असे नाव दिले. तंतूला इजा होताच या निद्रिस्त पेशी जाग्या होऊन नवा स्नायू घडवीत असाव्यात, हा तर्कही त्यांचाच.

३/ तर्क खरा ठरला. पण छायाचित्रातील पेशीवर प्रयोग करता येत नाही. त्यासाठी बायोप्सीत मिळालेला स्नायूचा तुकडा बारीक चिरायचा, ट्रिप्सिनसारख्या विकराने पेशी सुट्या करायच्या आणि पोषक द्रवात वाढवायच्या. अडचण अशी, की त्यांच्यासोबत फायब्रोब्लास्ट पेशीही येतात आणि पिकात तण माजावे तशा बशीभर पसरतात.

४/ १९८१ मध्ये हेलन ब्लाउ आणि सेसिलिया वेबस्टर यांनी मानवी स्नायुपेशी वेगळ्या करून वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८८ मध्ये याच गटाने पुढचे पाऊल टाकले. पूर्वपेशींच्या पृष्ठभागाला चिकटणारे प्रतिपिंड वापरायचे, त्यांना चमकणारी खूण जोडायची आणि यंत्राने एकेक पेशी निवडायची. तण वेगळे झाले.

५/ ‘ही तर निव्वळ कारागिरी, यात शोध कोठे?’ असा आक्षेप घेतला जातो. १९९५ चा दाखला पाहावा. ड्युशेन स्नायुक्षयाने ग्रस्त १२ मुलांच्या दंडात वडील वा भावाच्या पूर्वपेशी सहा महिने, दरमहा टोचल्या गेल्या. बळ वाढले नाही. निकाल कटू होता. परंतु काय टोचले हे ठाऊक नसते, तर त्या अपयशाचा अर्थही लागला नसता. आशा पारखून घेण्याचे साधन या कारागिरीनेच दिले.

६/ आणि प्रत्येक बशीतील पेशी कोणाच्या तरी शरीरातून आलेली असते. त्या माणसाचे नाव शोधनिबंधावर नसते. म्हणून इतिहास वाचताना दुसरा प्रश्नही विचारावा: हे हाती कोणी आणून दिले, आणि कोणाच्या देहातून?