मोटेचा नाडा भिंतीवर टांगणाऱ्यांना

दोस्तांनो, सध्या गंजाला भाव आलाय. जुन्नर-आंबेगावच्या गावागावांतनं मोडके नांगर, फुटकी जाती, वाळवीनं खाल्लेल्या तुळया टेम्पोत भरून चालल्यात. २०१८ साली सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. आता रिसॉर्टच्या फाटकाला बैलगाडीचं चाक पाहिजेच. त्यांचं सोडा, ते धंदेवाले. पण चित्रकार मंडळी? तीही हेच उचलतात, पांढऱ्या खोलीत मांडतात, वरनं दिवा सोडतात आणि इन्स्टॉलेशन म्हणतात. खाली चिठ्ठी: लाकूड, चामडं, दोरी, काळ.

काळ म्हणे! काळानं कधी मोट शिवली?

मेलेलं ढोर महारानं ओढलं. कातडं ढोरानं कमावलं. मोट चांभारानं शिवली. नाडा मांगानं वळला. पाणी गेलं पाटलाच्या मळ्याला. आणि ज्यांच्या हातनं हे सगळं झालं त्यांनी त्याच विहिरीला शिवायचं नाही! अख्खी उतरंड एका वस्तूत बसलीय, अन् तुम्हाला त्यात नुसता 'पोत' दिसतो. वस्तू झिजली ती पावसापाण्यानं कमी, माणसाच्या तळहातानं जास्त. त्या तळहाताचं नाव गाळून जे मांडलं जातं, त्याला आम्ही चोरी म्हणतो.

नाव लिहायची पद्धत इथं नव्हती असं कुणी सांगू नये. जुन्नरच्या लेण्यातला एक शिलालेख वाचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाचं काम करणाऱ्यांची श्रेणी नावानिशी आहे, कारण संघासाठीचं दान त्यांच्याकडं ठेवलेलं. बुद्धाच्या लेण्यात बुरुडाचा धंदा दगडात कोरला गेला, आणि आजच्या गॅलरीत बुरुडाची पाटी बेवारस लटकते.

आता आपल्यातल्यांशी दोन शब्द. काही म्हातारे अन् काही तरणेसुद्धा म्हणतात, ही लाजेची भांडी कशाला दाखवायची? येसकराची घुंगुरकाठी, झाडू, गाडगं फेकून द्या. त्यांचा राग मला कळतो. बाबासाहेबांनी सांगितलं मेलेलं ढोर ओढू नका, आणि लोकांनी सोडलं. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं. पण काम सोडलं म्हणून पुरावा का सोडायचा? आपण टाकलं की तेच उचलतात आणि त्याची शोभा करतात. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यातलं मडकं अन् कमरेचा झाडू छापचित्रात आणला. त्या चित्रापुढं उभं राहून 'काय सुंदर जुनाट रंग' म्हणायची कुणाची छाती आहे?

तर करायचं काय? छापा. तुम्ही हे पान हातात धरलंय तेही स्टेन्सिलवरनं उतरलेला छापच. मशीन लागत नाही. मोडका पाट, जात्याचा खुंटा, चपलेचा तळ घ्या. माती झाडा, रोलरनं पातळ शाई फिरवा, ओलसर कागद ठेवा, चमच्याच्या पाठीनं घासा. उंच भाग काळा उमटतो. हात घासून घासून जिथं खळगा पडलाय तिथं शाई पोचत नाही, कागद पांढरा राहतो. त्या पांढऱ्यात तुमच्या आजीचा हात आहे. शिलालेखाचा ठसाही असाच निघतो: ओला कागद अक्षरांत ठोकून बसवायचा, वरनं शाई टिपायची, अक्षरं पांढरी येतात. (लेण्यात जाऊन मात्र हे करू नका. दगड खराब होतो.)

कागदाचंही सांगतो. मराठेशाहीच्या दप्तरात जुन्नरी कागद चालायचा, कागदी मुसलमान तो हातानं करायचे. वतनाचे वाद, निवाडे अशाच हातकागदांवर लिहिले गेले. आपला ठसा हातकागदावर उमटवण्यात मला तरी गंमत वाटते.

आणि डिंभ्याला जा. जुनं आंबेगाव धरणात बुडालं, तालुक्याला नुसतं नाव राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती उघडी पडतात, फोटोवाले देवळाकडं धावतात. महादेव कोळ्यांची घरं कुठली, महारवाडा कुठल्या अंगाला होता, कोण विचारतो? चिखलात पाटा दिसला तर लगेच उचलू नका. उठवलेली माणसं आज जिथं वसलीत तिथं आधी जा. एखाद्या म्हातारीला विचारा, आजे, हा कुणाच्या दारचा? ती सांगेल ते नाव ठशाखाली मोठ्या अक्षरात घाला. तुमची सही कोपऱ्यात बारीक. नाव नाही कळलं तर गाव, वाडा, काम लिहा. तेही नाही कळलं, तर पाटा तिथंच राहू द्या.