विश्लेषण : नाकेबंदी आपली असली की तिचे नाव का बदलते?

नागपूरकराला 'नाकाबंदी' म्हटले की ३१ डिसेंबरची रात्र आठवते. चौकात बॅरिकेड, हातात टॉर्च घेतलेले पोलीस, गाडीचे कागद आणि पाच-दहा मिनिटांची कटकट. लष्करी नाकेबंदी ही त्याच शब्दातली, पण अगदी वेगळी गोष्ट. बंदर, विमानतळ, रस्ते असे आवळायचे की आतल्या माणसाच्या ताटात काय पडेल, हे बाहेरचे सैन्य ठरवेल. कायद्याच्या भाषेत ही युद्धाची कृती आहे. बातमीच्या भाषेत मात्र ती कधी 'वेढा' होते, कधी 'निर्बंध', तर कधी नुसती 'सुरक्षा उपाययोजना'.

गाझावरून सुरू असलेल्या वादात दोन्ही बाजूंचा एक आरोप समान आहे : माध्यमे पक्षपाती आहेत. टीव्हीवर हे भांडण ऐकताना ते परक्यांचे वाटते. पण आपल्या शेजारच्या गोव्यात, आपल्याच सरकारने केलेल्या कोंडीत हे सगळे घडून गेले आहे. तेव्हा आपली वृत्तपत्रे कशी वागली, हे आधी पाहायला हवे.

नाकेबंदी वैध केव्हा ठरते?

सागरी युद्धाच्या नियमांचे सर्वाधिक वापरले जाणारे संकलन म्हणजे १९९४ ची 'सान रेमो नियमावली'. तो करार नाही, तज्ज्ञांनी मांडलेला मसुदा आहे. तिच्यानुसार नाकेबंदी जाहीर करावी लागते, ती प्रत्यक्षात अमलात आणावी लागते आणि सर्व देशांच्या जहाजांना सारखीच लागू करावी लागते. नागरिकांची उपासमार हाच एकमेव हेतू असेल, किंवा लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार असेल, तर ती बेकायदा ठरते.

खरे भांडण या शेवटच्या अटीवर आहे. ३१ मे २०१० रोजी 'मावी मार्मारा' या तुर्की जहाजावर इस्रायली कमांडोंनी कारवाई केली, त्यात नऊ जण जागीच ठार झाले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या पथकाने गाझाची नाकेबंदी बेकायदा ठरवली. महासचिवांनी नेमलेल्या पामर समितीने २०११ मध्ये सागरी नाकेबंदी वैध, पण बळाचा वापर अवाजवी, असे म्हटले. दोन्ही अहवाल संयुक्त राष्ट्रांच्याच छत्राखालचे. त्यामुळे ज्याला जो हवा, तो तो उचलतो.

शब्दांची हातचलाखी तर मोठ्या देशांनाही सुटलेली नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी नौदलाने क्युबाला घेरले, तेव्हा केनेडी यांनी नाकेबंदी हा शब्द कटाक्षाने टाळला, कारण त्याने युद्ध पुकारल्यासारखे झाले असते. त्यांनी शब्द वापरला 'क्वारंटाइन'. करोनाने आपल्या घराघरात पोहोचवलेला तोच हा शब्द!

गोव्यात काय घडले?

गोव्याची कोंडी दोन वेळा झाली आणि त्या दोन्हींत फरक करायला हवा. पहिली आर्थिक. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. त्यानंतर भारताने गोव्याशी होणारा व्यापार आवळत नेला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत गेले आणि पोर्तुगीज पोलिसांच्या गोळीबारात वीसहून अधिक जण मारले गेले. देशभर संताप उसळला. भारताने गोव्यातील वकिलात बंद केली, मार्मागोव्याकडे जाणारी रेल्वे वाहतूक थांबली.

सालाझारची राजवट याने गुडघ्यावर येईल, ही अपेक्षा होती. झाले उलटेच. पोर्तुगीजांनी हॉलंडहून बटाटे, पाकिस्तानातून तांदूळ आणि जपानमधून सिमेंट आणले. १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ उभा राहिला, गोव्याची स्वतःची विमान कंपनी निघाली. लोहखनिजाची निर्यात तर बहरली आणि खाणमालकांची चंगळ झाली. कोंडीचा खरा चटका बसला तो मुंबईत नोकरी करून गावी पैसे पाठवणाऱ्यांना. खलाशी, आचारी, आया, कारकून अशी ही माणसे. घरी पैसे धाडणे अवघड, घरच्या लग्नाकार्याला जाणे अवघड. म्हणजे ज्यांच्या मुक्तीसाठी हे चालले होते, झळ त्यांनाच लागली.

या माणसांची गोष्ट आपल्या पहिल्या पानांवर किती आली? सत्याग्रहींचे शौर्य आले आणि ते यायलाच हवे होते. ना. ग. गोरे यांच्यासारखे नेते पोर्तुगीज तुरुंगात खितपत होते. पण कोंडी कोणाला टोचते आहे, ती फळ देते आहे का, हे प्रश्न देशद्रोहाच्या जवळ जाणारे वाटत. सहा वर्षे चाललेल्या, उद्दिष्ट न गाठलेल्या एका धोरणाची झाडाझडती त्यामुळे झालीच नाही.

दुसरी कोंडी डिसेंबर १९६१ ची, नौदलाची. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला 'बेतवा' आणि 'बियास' या युद्धनौका गोव्यासमोर गस्त घालू लागल्या. १८ डिसेंबरला फौजा आत शिरल्या आणि १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. ही कोंडी थोडक्या दिवसांची होती, तिचे लक्ष्य लष्करी होते आणि तिने काम केले. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता वाटाघाटींना नकार देत असताना ती समर्थनीय होती, असेच या स्तंभाचे मत आहे. मात्र म्हणून १९५४ ची कोंडीही आपोआप समर्थनीय ठरत नाही. कारण न्याय्य असले, तरी साधनाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

तेव्हा पक्षपात कोणी केला?

सगळ्यांनी. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्याकडे पोर्तुगीज कुमक येत असल्याच्या, सीमेवर कुरापती वाढल्याच्या बातम्या भरभरून येत होत्या. गोव्यात पोहोचलेल्या परदेशी वार्ताहरांना दिसले ते वेगळेच. पोर्तुगीज सैन्य जेमतेम साडेतीन-चार हजारांचे होते आणि समोर भारताचे त्याच्या दहापटीहून अधिक. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या नागपूरच्या वाचकाला मात्र आकाशवाणी आणि सकाळचे वर्तमानपत्र यांपलीकडे पडताळणीचा मार्ग नव्हता.

पाश्चात्त्य वृत्तपत्रे तरी काय धुतल्या तांदळासारखी होती? 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात भारताला आक्रमक ठरवले. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीच्या ठरावाला सात मते मिळाली, विरोधात चार, आणि तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. अहिंसेच्या पुजाऱ्यांनी बंदूक उचलली, एवढाच धागा पकडून लिहिणाऱ्या अनेकांचा इतिहास १८ डिसेंबरला सुरू होत होता. १५ ऑगस्ट १९५५ त्यात नव्हता. आणि लिस्बनमध्ये तर सेन्सॉरच्या कृपेने तुंबळ हातघाईची लढाई छापली जात होती, तेव्हा इकडे शरणागतीचे कागद तयार होत होते. सालाझारने आपल्या सैनिकांना विजय किंवा मृत्यू, एवढेच दोन पर्याय दिले होते. जिवंत परतलेल्या गव्हर्नरला पुढे लष्करातून बडतर्फ करण्यात आले.

या गदारोळात गोव्यातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलणारा एक आवाज मात्र होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त नभोवाणी चालवली, आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसल रॉकच्या जंगलातून. कोंकणी आणि पोर्तुगीज भाषेत. तीही एका बाजूचीच होती आणि ते तिने लपवले नाही. पण सेन्सॉरने दडपलेल्या बातम्या तिने सहा वर्षे आत पोहोचवल्या. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे उशिरा का होईना बरे झाले.

ही जुनी गोष्ट झाली, आज काय?

नेपाळ आठवा. एप्रिल २०१५ च्या भूकंपातून तो देश सावरत होता. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना लागू झाली आणि रक्सौल-बीरगंजसारख्या नाक्यांवर ट्रक अडकले. इंधनासाठी भारतावर विसंबलेल्या देशात गॅस, पेट्रोल, औषधे यांचा खडखडाट झाला, तो फेब्रुवारी २०१६ पर्यंत. काठमांडूच्या वृत्तपत्रांत ती 'भारताची नाकेबंदी' होती. दिल्लीचे म्हणणे, आम्ही काही अडवलेले नाही, मधेशी आंदोलकांमुळे वाहतूक ठप्प आहे. आपल्या बहुतेक वाहिन्यांनी दिल्लीचे वाक्य उचलले आणि विषय संपवला. मधेशींचे आंदोलन खरे होते, त्यांच्या तक्रारीही खऱ्या होत्या. पण काठमांडूत सरपणावर शिजणाऱ्या भाताचे दृश्य आपल्या पडद्यावर फारसे दिसले नाही. दुसऱ्या देशाने आपल्याशी असे केले असते, तर आपण कोणता शब्द वापरला असता?

म्हणूनच अशा बातमीत पक्षपात शोधायचा, तर विशेषणे मोजून फारसे हाती लागत नाही. आतल्या माणसाची साक्ष तिच्यात आहे का, हे पाहावे. किती ट्रक आत गेले हा आकडा कोणी दिला, अडवणाऱ्याने की तिसऱ्या कोणी? आणि समर्थनाचे कारण दर महिन्याला बदलते आहे का? आज शस्त्रे रोखायला, उद्या ओलिसांसाठी, परवा राजवट बदलायला?

गोवा आणि गाझा यांची तुलना होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. गोव्यात कोणी भुकेने मेले नाही आणि गोव्यातून कोणी ७ ऑक्टोबर २०२३ सारखा, बाराशेच्या आसपास माणसे मारणारा हल्ला केला नव्हता. इस्रायलची सुरक्षेची चिंता खोटी म्हणता येणार नाही. पण २ मार्च २०२५ पासून अकरा आठवडे अन्न आणि औषधेही रोखली गेली, ती शस्त्रे नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ असल्याचे संयुक्त राष्ट्रांचा पाठिंबा असलेल्या आयपीसी या यंत्रणेने जाहीर केले. इस्रायलने ते अमान्य केले. खरे-खोटे करायला जाणार कोण? युद्ध सुरू झाल्यापासून परदेशी पत्रकारांना लष्कराच्या सोबतीशिवाय गाझात प्रवेश बंद करण्यात आला. परदेशी वार्ताहरांच्या संघटनेने त्याविरुद्ध इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सरकार उत्तरासाठी मुदतीमागून मुदत मागत राहिले.