स्थगिती मिळाली म्हणून घरी बसू नका

दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, नोएडातल्या मराठी बंधुभगिनींनो,

आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मान्य केली. देशभर ओरड झाली आणि २९ डिसेंबरला न्यायालयानेच त्या आदेशाला स्थगिती दिली. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सॲप गटांवर सामसूम आहे, जणू लढाई जिंकली! गेल्या रविवारी गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यालगतच्या आमच्या नेहमीच्या पायवाटेवर राडारोड्याचे ताजे ढीग होते. फुटक्या फरश्या, प्लास्टरची ढेकळे, खाली दबलेली धौची झुडपे. डंपरवाल्याला स्थगिती कळत नाही.

१०० मीटर म्हणजे किती? पुण्याची पर्वतीसुद्धा पायथ्यापासून तेवढी भरत नाही. ती टेकडी नव्हे असे पुण्यात कुणी म्हणून दाखवावे! प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे राजस्थानात २० मीटरांहून उंच अशा १२,०८१ टेकड्या आहेत आणि त्यांतल्या फक्त १,०४८ या निकषात बसतात. केंद्रीय पर्यावरणमंत्री सांगतात, खाणकाम अरवलीच्या फार तर ०.१९ टक्के क्षेत्रात होईल. हिशेब करा, ते अडीचशे चौरस किलोमीटरांहून जास्त भरते. २०१८ साली याच न्यायालयाने राजस्थानातल्या ३१ टेकड्या गायब झाल्याचे ऐकून विचारले होते, माणसे हनुमान झाली आहेत काय? फरीदाबाद, गुरुग्राम, मेवातमध्ये २००९ पासून खाणबंदी आहे. तरी जुलै २०२२ मध्ये नूंह जिल्ह्यात दगडांचा डंपर अडवणाऱ्या पोलिस उपअधीक्षकाला त्याच डंपरखाली चिरडले.

काही जण म्हणतात, आपले डोंगर सह्याद्रीत, इथे कशाला जीव पाखडायचा? इथले पाणी पिताना हे सुचत नाही! या कातळाच्या भेगांतूनच पाऊस जमिनीत मुरतो, थर वाळवंटाची वाळूही हाच कणा अडवतो. मांगर गावाने राखलेले मांगर बनीचे रान एकदा बघा. आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धौ शेळ्यांनी खाल्ला तर जमिनीसरपट पसरतो, राखला तर उभा राहतो. गावकऱ्यांनी तिथली काडी तोडू दिली नाही, म्हणून ते रान आहे. आपली देवराई वेगळी काय असते?

आमच्या गटातली पोरे कळसूबाई, हरिश्चंद्रगड चढत वाढली. उन्हातान्हात उघड्या धारेवर चालत त्यांनी इथल्या पायवाटांचे नकाशे केले. गणपतीला मंडप भरतो आणि टेकडीसाठी हाक दिली की सगळ्यांना कामे निघतात, याची लाज वाटायला हवी.

आता कामाचे. डंपर किंवा राडारोडा दिसला की तारीख-ठिकाणासह फोटो काढा, नंबरप्लेट टिपा, पण अडवायला जाऊ नका. ११२ ला कळवा, वनविभाग आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तक्रार हिंदीत लिहा, मसुदा आम्ही देऊ. सोसायटीत घरदुरुस्ती चालू असेल तर मलबा कुठे जातो ते ठेकेदाराला विचारा, कारण तो आपल्याच घरांतून निघतो. खाणींच्या जुन्या तळ्यांत पोहू नका, मुले बुडाली आहेत. बनीत गावाला विचारल्याशिवाय शिरू नका, स्पीकर नेऊ नका. आणि उजाड टेकडी पुन्हा हिरवी होणार नाही म्हणणाऱ्यांनी गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान पाहावे. जुन्या खाणीवर नागरिकांनी २०१० पासून देशी झाडे लावून ते उभे केले.

त्या पायवाटेवरचा राडारोडा उचलायला रविवारी सकाळी सहा वाजता गुरु द्रोणाचार्य मेट्रो स्थानकाबाहेर जमू. पाणी, टोपी, जाड हातमोजे आणि दोन रिकाम्या गोण्या आणा. मुलांनाही आणा.