परक्या खांबावरची वीज

परगावचे पाणी गाळून प्यावे, ही शिकवण आपल्या आज्यांनी आपल्याला दिली. परकी वीजही गाळून घ्यावी लागते, हे मात्र मला टेक्सासात राहणाऱ्या माझ्या भाचीने सांगितले.

अमेरिकेत फिरती घरे असतात. ‘आरव्ही’ हे त्यांचे नाव. शेगडी, बिछाने, फ्रिज, एअर कंडिशनर, सारा संसार चाकांवर! संध्याकाळी गाडी एखाद्या तळावर लावायची आणि तिची जाड वायर तिथल्या खांबावरच्या पेटीत खोचायची, की घरात दिवे लागले. पण आधीच्या पाहुण्यांनी त्या पेटीची काय दशा करून ठेवली आहे, हे कोण सांगणार?

तिथला दाब १२० व्होल्टचा. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्या गाड्यांचे एअर कंडिशनर एकदम घुमू लागले, की तो पार खाली घसरतो. दिवा नुसता मंदावतो; एअर कंडिशनरची मोटार मात्र जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. याहून वाईट म्हणजे ५० अँपिअरच्या जोडणीतला न्यूट्रल तुटणे. तीत १२० व्होल्टच्या दोन तारा असतात आणि न्यूट्रल दोघींत समेट राखतो. तो गेला, की २४० व्होल्टची वाटणी बेहिशेबी होते. एका बाजूची उपकरणे उपाशी, दुसरीकडची अजीर्णाने मेलेली! आणि अर्थिंग तुटले असताना कुठे वीज गळू लागली, तर गाडीचा पत्राच जिवंत होतो. ओल्या गवतावरून अनवाणी धावत येऊन दार धरणाऱ्या पोराच्या ते जिवावर बेतते.

म्हणून जावईबापू आधी पेटीचा खटका बंद करून तिथे एक पहारेकरी यंत्र जोडतात. ते दाब, तारांची अदलाबदल आणि अर्थिंग तपासते, आणि सारे ठीक असेल तरच वीज आत सोडते. पुढेही दाब सुमारे १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेला, की ते वीज तोडते. नुसता ‘सर्ज प्रोटेक्टर’ स्वस्त पडतो. पण तो क्षणिक लोंढा अडवतो, घसरलेल्या दाबापुढे त्याचे काही चालत नाही.

एकदा या यंत्राने वीज द्यायचे साफ नाकारले. बाहेर रणरणते ऊन, आत धाकटी रडवेली. “आजच्या दिवस थेट जोडा ना!” भाची म्हणाली. तळाचा व्यवस्थापक म्हणाला, “कालपर्यंत कुणाची तक्रार नव्हती.” जावईबापू हलले नाहीत. अखेर दुसरा खांब मिळाला. पहिल्याचा न्यूट्रल सैल झाला होता, हे संध्याकाळी वायरमनने उघडल्यावर कळले.

आपल्या चाळींना आणि सोसायट्यांनाही हे दुखणे नवे नाही. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. पण इमारतीचा न्यूट्रल तुटला, की ते चारशेच्या दिशेने चढू शकतात, आणि टीव्ही-फ्रिजची राख होते. यजमानाच्या शब्दावर विश्वास जरूर ठेवावा. पण विजेला शब्द कळत नाही, तिला मोजावेच लागते. आणि मोजण्याने कुठल्याही सज्जनाचा अपमान होत नाही.