हळदीआधी फोटोवाल्याशी एवढं बोलून घ्या

दिघाशी काय, अंबाडी काय, वज्रेश्वरी काय, घरात लग्न ठरलं की तुम्ही मांडववाल्याशी, जेवणवाल्याशी, बेंजोवाल्याशी तासतास बोलता. ताटाला किती, पंखे किती, जनरेटर कोणाचा, सगळं ठरतं. फोटोवाल्याशी मात्र दोनच गोष्टी ठरतात. पैसे किती आणि अल्बमची पानं किती.

तिसरी गोष्ट राहून जाते. फोटो जेपेगमध्ये काढणार की रॉमध्ये? आणि शेवटी तुमच्या हातात काय पडणार? हे लग्नाआधीच विचारायचं असतं. लग्न झाल्यावर विचारून उपयोग नाही, कारण जे कॅमेऱ्यात साठवलंच नाही ते नंतर कोणीही देऊ शकत नाही.

आधी फरक समजून घ्या. कॅमेऱ्यात उजेड शिरतो आणि त्याची पहिली नोंद होते. ती नोंद जशीच्या तशी ठेवली तर ते रॉ. त्या नोंदीवर कॅमेऱ्याने स्वतःच रंग ठरवला, उजेड जुळवला, नको वाटलेली माहिती टाकून दिली आणि लहान फाइल बनवली, तर ते जेपेग. आपल्या भातासारखंच आहे हे. भात गिरणीत घातला की तांदूळ मिळतो, तो लगेच शिजवता येतो. पण तांदळाचा पुन्हा भात होत नाही, आणि बियाण्याला भातच लागतो.

जेपेग हे १९९२ पासूनचं ठरलेलं स्वरूप आहे. मोबाइल, टीव्ही, झेरॉक्सचं दुकान, सगळीकडे उघडतं. रॉचं तसं नाही. कॅननची फाइल वेगळी, निकॉनची वेगळी, सोनीची वेगळी. ती उघडायला खास सॉफ्टवेअर लागतं. आणि उघडली तरी फोटो फिका, मरगळलेला दिसतो, कारण त्याच्यावर अजून काम व्हायचं असतं.

आता हळदीची रात्र डोळ्यांसमोर आणा. मांडवाला पिवळा कपडा. वर एलईडीच्या माळा. डीजेकडून कधी लाल झोत, कधी निळा. त्यात नवरीच्या अंगाला हळद. अशा उजेडात कॅमेरा गोंधळतो. कोणता रंग खरा धरायचा हे त्याला कळत नाही. जेपेग असेल तर त्याने जो रंग ठरवला तो फोटोत मुरतो. चेहरा पिवळाधमक आला किंवा निळा पडला, तर नंतर थोडाफार सावरतो, पूर्ण नाही. रॉमध्ये हाच रंग नंतर शांतपणे बसून नव्याने ठरवता येतो.

उजेडाचंही तेच. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला अंधारापासून उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या रॉमध्ये ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. सावलीत काळवंडलेला आजीचा चेहरा उजळायचा असेल तर याच पायऱ्या कामाला येतात. त्या कमी पडल्या की उजळलेल्या चेहऱ्यावर पट्टे आणि डाग उठतात.

म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे. हळद, रात्रीची वरात आणि घरातले अंधारे विधी रॉमध्येच काढून घ्या. मांडवाच्या कोपऱ्यात बसून धवले म्हणणाऱ्या बायांचे तर नक्कीच. त्यांच्यावर कोणी लाइट मारत नाही आणि अशा धवलारणी आता थोड्याच उरल्या आहेत. वारली घरात लग्नाचा चौक लिहितात तोही तसाच. गेरूची काळपट भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, आणि उजेड एका बल्बचा. रेघ आणि भिंत दोन्ही नीट उमटायला रॉची मदत होते.

पण रॉ सगळ्याला औषध नाही. हललेला फोटो रॉमध्येही हललेलाच राहतो. मिटलेले डोळे उघडत नाहीत. नवरदेवाचा पांढरा सदरा लाइटखाली पार पांढराफटक झाला असेल, तर त्याची घडी परत येत नाही. चांगला फोटोवाला आधी उजेड बघतो.

दिवसाचं जेवण, स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग, वऱ्हाडाचे घोळके, यांना चांगलं जेपेग पुरतं. तिथे रॉचा हट्ट धरू नका. हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो साधारण ३० एमबीचा होतो, चांगला जेपेग साधारण १० एमबीचा. म्हणजे तीन हजार फोटो रॉमध्ये काढले तर ९० जीबी. ते साठवायचे, निवडायचे, एकेकावर काम करायचं. त्याचा खर्च शेवटी तुमच्याच बिलात येतो. शिवाय भराभर फोटो काढताना रॉमुळे साध्या कॅमेऱ्याची गती अडते. अक्षता पडताना, हार घालताना कॅमेरा दम घेत बसला तर काय कामाचा?

तेव्हा ॲडव्हान्स देताना फोटोवाल्याला प्रेमाने एवढं विचारा.

कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवायची सोय आहे का? बहुतेक कॅमेऱ्यांत असते. हळदीला आणि अंधाऱ्या विधींना ती चालू ठेवायला सांगा.

जेपेग सर्वांत मोठ्या आकाराचं आणि सर्वांत चांगल्या दर्जाचं ठेवणार ना? काही कॅमेरे दुकानातून येतात तेव्हा मधल्या दर्जावर लावलेले असतात आणि तसेच राहतात.

आम्हाला सगळे निवडलेले फोटो पूर्ण आकारात पेनड्राइव्हवर मिळतील ना? अल्बमची पानं आणि व्हॉट्सॲपवर आलेले फोटो म्हणजे तुमचे फोटो नव्हेत. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तिथूनच मागवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आणि रॉ फाइली अल्बम हातात येईपर्यंत पुसू नका, हे नक्की सांगा. एखादा फोटो काळा छापून आला तर तो पुन्हा करता येतो.

रॉ फाइली घरी मागाव्यात का? सगळ्या मागू नका. त्या उघडून बघाल आणि फोटोवाल्याने काम बिघडवलं असं वाटेल. हव्या असतील तर निवडक वीस-पंचवीस फोटोंच्या मागा आणि तसं आधीच ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. पैसे देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, दुसरा काही करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. हे माहीत असू द्या, पण भांडायला वापरू नका. कोणत्या फाइली कधी द्यायच्या हे पावतीवर दोन ओळींत लिहून घेतलंत की भांडणाची वेळच येत नाही.

आता घरातल्या पोराबद्दल. त्याने नवा कॅमेरा घेतलाय आणि कोणीतरी सांगितलंय की खरे फोटोग्राफर रॉमध्येच काढतात. त्याला रागावू नका. त्याला दोन्ही एकदम साठवायला सांगा. जेपेग घरच्यांना दाखवायला, रॉ त्याला शिकायला. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. कॅनन आणि निकॉन आपापलं फुकट देतात आणि डार्कटेबल नावाचं एक कोणत्याही कॅमेऱ्याच्या मालकाला फुकट मिळतं. एकच फोटो दोन्ही स्वरूपांत घेऊन उजळून बघितला की फरक त्याचा त्यालाच दिसेल.

रॉ फाइलला संगणकावर धक्का लागत नाही. तुम्ही केलेले बदल वेगळे लिहून ठेवले जातात. जेपेगचं तसं नाही. उघडलं, बदललं, सेव्ह केलं, की दर खेपेला थोडा दर्जा जातो. म्हणून जेपेगवर काम करायचं तर आधी कॉपी करा. मूळ फाइल तशीच राहू द्या.

नोकरीच्या ऑनलाइन अर्जात हीच चूक फार होते. बँकेच्या परीक्षांना फोटो २० ते ५० केबीचा लागतो. पोरं चांगला फोटो लहान करतात, त्याच नावाने सेव्ह करतात, आणि मूळ फोटो कायमचा जातो. पुढच्या अर्जाला तोच ठिपक्याठिपक्यांचा फोटो. लहान केलेल्याला वेगळं नाव द्या.

आयफोन असेल तर आणखी एक. २०१७ पासून तो फोटो जेपेगऐवजी दुसऱ्याच स्वरूपात ठेवतो, आणि ते काही दुकानांतल्या जुन्या संगणकांवर उघडत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा.

पावसाने भात आडवा झाला, घराची भिंत पडली, तर पंचनाम्यासाठी फोटो साध्या जेपेगमध्ये काढा आणि त्याला हातच लावू नका. उजळू नका, कापू नका. रॉयटर्स या वृत्तसंस्थेनेही २०१५ मध्ये बाहेरच्या छायाचित्रकारांना सांगितलं होतं की रॉवर काम करून बनवलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातून निघालेलं जेपेगच पाठवा. बातमी असो की पंचनामा, न बदललेला फोटो लवकर पटतो. मोबाइलची तारीख-वेळ बरोबर आहे ना, तेवढं बघा.

शेवटी साठवण. मेमरी कार्ड ही फोटो ठेवायची जागा नाही. ते भरतं, हरवतं, आणि कोणीतरी ते दुसऱ्या कामाला पुसतं. पेनड्राइव्ह मिळाला त्याच आठवड्यात दोन प्रती करा. एक तुमच्या घरी, दुसरी मुलीच्या सासरी. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर ओल आली की दोन्ही जातील. पावसाळ्यात हार्डडिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्रत होत असताना वीज गेली तर फाइली मोजून बघा आणि अर्धवट राहिलेलं पुन्हा करा.

दर दिवाळीच्या साफसफाईत ती डिस्क एकदा जोडा. पाच-दहा फोटो उघडून बघा. उघडले नाहीत तर सासरच्या प्रतीवरून त्याच आठवड्यात नवी प्रत करून घ्या.