टाके निघाले म्हणजे हात बरा झाला का?

कामगाराचा हात मशिनमध्ये गेला की आपले कार्यकर्ते धावून जातात, हे खरे आहे. पोलीस ठाण्यात नोंद होते, कारखान्याच्या दारात घोषणा होतात, भरपाईचा अर्ज लिहिला जातो. पंधरा दिवसांनी टाके निघतात. मग मालकाचा माणूस पाकीट घेऊन येतो, सही होते आणि प्रकरण मिटले असे आपण एकमेकांना सांगतो. आमचा आक्षेप या 'मिटले'वर आहे. हात वाचला की नाही हे ऑपरेशनच्या टेबलावर ठरते. तो हात पुन्हा हातोडा, कोयता किंवा सुई धरणार की नाही, हे मुख्यतः पुढच्या तीन-चार महिन्यांत ठरते. नेमके तेच महिने आपल्या माणसाला मिळत नाहीत.

आपल्याकडे हात कापला की एकच शब्द असतो, 'नस तुटली'. बोट वाकवणारा दोर म्हणजे टेंडन, त्यालाही नस. स्पर्श कळवणारी नर्व्ह, तीही नस. रक्तवाहिनी, तीही नसच. पण तिघांचे उपचार वेगळे आहेत. तळव्याच्या बाजूचा टेंडन शिवल्यावर हात पूर्ण बंद ठेवला तर तो आजूबाजूच्या भागाला चिकटतो आणि बोट कायमचे अडकते. घाईने जोर लावला तर शिवण तुटते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट लावून, पहिल्या आठवड्यातच ठरवून दिलेल्या हलक्या हालचाली सुरू करतात. स्प्लिंट साधारण सहा आठवडे असते आणि जड काम बाराव्या आठवड्याच्या आधी नाही. नर्व्हचे गणित आणखी संथ आहे. जोडलेली नर्व्ह दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढते. मनगटाशी कापली असेल तर बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला सहा महिने जातात. तोवर तव्याचा चटका बसला तरी बोटाला कळत नाही.

हे आमच्या लोकांना कोण सांगते? प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाचे डिस्चार्ज कार्ड आम्ही पाहिले. शेवटच्या ओळीत 'फिजिओथेरपी' एवढाच शब्द. कुठे, कधीपासून, किती दिवस, काही नाही. घरच्यांनी मायेने सांगितले, हाताला आराम दे. दोन महिने हात गळ्यात बांधलेला. बोटे तर आखडलीच, पण ज्या खांद्याला काही लागलेच नव्हते तोही वर जाईना. हात उशीवर उंच ठेवला, खांदा-कोपर रोज हलवला, तर सूज आणि आखडणे बरेच टाळता येते. याला पैसा लागत नाही, सांगणारा माणूस लागतो.

आणि मोजणारा माणूस लागतो. थेरपिस्ट गोनिओमीटरने प्रत्येक सांध्याचा कोन मोजतो, डायनामोमीटरने मुठीची ताकद, चिमटीची ताकद वेगळी, आणि बारीक तंतू टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतो. रुग्णाचा हात स्वतःच्या हातात घेतल्याशिवाय ही तपासणी होतच नाही. (ज्या समाजात हात लागणे हाच गुन्हा होता, तिथे ही छोटी गोष्ट नाही.) हे आकडे तारखेसह कागदावर आले की तो पुरावा असतो. नुसते 'बोट दुखते' म्हणणाऱ्याला मालकाचा वकील हसतो.

पुराव्याची गरज का पडते ते कायद्यात पाहा. एकलव्याचा अंगठा आपल्या प्रत्येक व्याख्यानात येतो. १९२३ च्या भरपाई कायद्याने अंगठ्याची किंमत ठरवून ठेवली आहे: कमाईची ताकद ३० टक्के कमी. पूर्ण तर्जनी १४ टक्के. अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. हात उजवा की डावा, माणूस सुतार की शिपाई, यादीला फरक पडत नाही. ही यादी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. ती तुटलेले बोट मोजते. जागेवर आहे पण वळत नाही, अशा बोटाचा टक्का डॉक्टरच्या मूल्यमापनावर सोडलेला आहे. तिथे कोन आणि ताकदीचे कागद नसतील तर टक्का अंदाजाने पडतो. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये सांगितले की कोपराच्या वर हात गेलेला सुतार सुतारकामाला १०० टक्के मुकला आहे. म्हणजे अवयवासोबत कामही मोजायचे. हा निकाल आपल्या प्रत्येक अर्जात असला पाहिजे.

थेरपीच्या काळात खायचे काय, हाही प्रश्न कायद्याने सोडलेला नाही. ईएसआय असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के मिळतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना अदारकर समितीचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा झाला. हा हक्क आपल्या बापाने मिळवून दिलेला आहे, मालकाची मेहरबानी नाही. ईएसआय लागू नसेल तर मालकाने अर्धा पगार पंधरवड्याने द्यायचा आहे आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही. फिजिओथेरपी हा उपचारच आहे, रिक्षाने जाऊन घेतलेल्या प्रत्येक सत्राची पावती जपा. कंत्राटी कामगाराचे ईएसआय कार्ड नेमके अपघाताच्या दिवशी तयार होते, हा चमत्कार आम्ही एकापेक्षा जास्त वेळा पाहिला आहे.

ऊसतोडीच्या फडात तर एवढेही नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. तिच्या बोटावर कोयता बसला तर अर्धा कोयता थांबतो, उचल अंगावर राहते आणि मुकादम खाडा धरतो. तिला सहा आठवडे स्प्लिंट लाव म्हणणे हा विनोद होईल. जातीने श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. कोणाच्या हाताला बरे होण्याची सुट्टी मिळते, हे त्याच विभागणीने ठरते. म्हणून खाड्याविरुद्धची मागणी आणि थेरपीची मागणी एकाच निवेदनात लिहा.

जखम ताजी असतानाच डॉक्टरला दोन प्रश्न विचारा: टेंडन कापला की नर्व्ह, आणि हालचाल कोणत्या तारखेपासून. उत्तर कार्डावर लिहून घ्या. हाताची सुधारणा थांबली असे थेरपिस्टने लिहून देईपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही होऊ देऊ नका. आपल्या उपजिल्हा रुग्णालयात भौतिकोपचार तज्ज्ञाचे पद मंजूर आहे का, भरलेले आहे का आणि गेल्या वर्षी त्याने हाताचे किती रुग्ण पाहिले, हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. हा अर्ज या महिन्यात प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे.